बक्षिसापायी जीव गेला, मग दोष कुणाच्या माथी?

पायरीवरचा
नमस्कार मंडळी. परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून काहीबाही वाचत पडलो होतो आणि २००७ सालची एक जुनी केस समोर आली. तेव्हा पेपरात चार ओळी वाचून सोडून दिली होती, आता नीट वाचली आणि डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो. तिथल्या केडीएनडी नावाच्या एफएम स्टेशनच्या सकाळच्या शोने १२ जानेवारी २००७ ला एक स्पर्धा ठेवली. नियम एकच, ठरावीक वेळाने पाण्याची बाटली संपवायची आणि लघवीला जायचं नाही, शेवटपर्यंत टिकेल त्याला निन्टेंडोचा 'वी' हा गेम कन्सोल. तिकडे लहान मुलं लघवीला जो शब्द वापरतात तो आणि या खेळण्याचं नाव ऐकायला सारखंच, त्यावर कोटी करून स्पर्धेचं नाव ठेवलेलं. वी तेव्हा नुकताच बाजारात आला होता, किंमत अडीचशे डॉलर, पण दुकानात मिळतच नव्हता त्यामुळे लोक वेडे झाले होते.

त्यात एक २८ वर्षांची बाई होती, तीन मुलांची आई, मुलांसाठी वी हवा म्हणून आलेली. ती दुसरी आली. तिला कॉन्सर्टची तिकिटं मिळाली. घरी जाताना डोकं फुटेल इतकं दुखत होतं, ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन करून रडली, आज येत नाही म्हणाली, आणि दुपारी तिची आई घरी गेली तर ही गेलेली. कारण काय तर पाणी. जास्त पाणी.

मला विचारायचंय ते हे की अशा प्रसिद्धीसाठी भरवलेल्या स्पर्धेत कुणी गेलं तर जबाबदार कोण? भाग घेणारा, माइकवर बसलेला, स्टेशनचा मॅनेजर, वरची कंपनी, की ऐकून हसणारे आपण?

रिकामटेकडा७
वाईट झालं यात वाद नाही पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कुणी गळ्याला सुरी लावली होती का? सज्ञान बाई, स्वतःच्या पायाने गेली, पोट तडस लागल्यावर बंद करता आलं असतं. फुकट मिळतंय म्हटल्यावर माणूस काहीही करतो आणि मग खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं शोधतो. सहीसुद्धा केली असणार.

ठोकळा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नाईटड्युटी
पायरीवरचा, चांगला विषय. मी आयसीयूमधे काम करते म्हणून आधी शरीराचं सांगते, कारण लोकांचा इथेच घोळ होतो. बऱ्याच जणांना वाटतं लघवी दाबून धरल्याने मूत्राशय फुटलं असेल. नाही. मूत्राशयात जमा झालेलं पाणी रक्तातून केव्हाच बाहेर पडलेलं असतं, त्याने त्रास होतो, जीव असा जात नाही. जीव घेतला तो पिण्याने.

आपली किडनी तासाला साधारण ८०० मिली ते फार तर एक लिटर पाणी बाहेर टाकू शकते. त्यापेक्षा वेगाने ओतत राहिलं की रक्त पातळ होतं, म्हणजे त्यातलं सोडियम विरळ होतं. ते १३५ ते १४५ च्या मधे असावं लागतं. ते भराभर खाली गेलं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर चालतं, तिथे जागा आहे, मेंदू मात्र कवटीत बंद. त्याला फुगायला जागाच नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग उलट्या, बावचळल्यासारखं होणं, मग झटके, आणि शेवटी श्वास चालवणारा भागच दाबला जातो. वर आणखी एक गोष्ट, मळमळ आणि ताण असला की शरीर पाणी धरून ठेवणारं हार्मोन सोडतं, म्हणजे ज्या क्षणी बाहेर टाकायची गरज सगळ्यात जास्त त्याच क्षणी किडनीचा नळ बंद व्हायला लागतो.

आता रिकामटेकडा यांना उत्तर. "तडस लागल्यावर बंद करता आलं असतं" म्हणता ना, तीच तर स्पर्धा होती! शरीर थांब म्हणतंय आणि तुम्ही थांबत नाही याचंच तर बक्षीस. मग "शरीराने सांगितलं तेव्हा का नाही थांबली" असं कोणत्या तोंडाने विचारायचं? आणि दुसरं म्हणजे पाणी पिऊन मेलं असं सामान्य माणसाच्या स्वप्नात तरी येतं का हो? विष म्हणून कुणी पाण्याकडे बघतं का? उलट आयुष्यभर भरपूर पाणी प्या हेच ऐकत आलोय सगळे.

खडूस_काकू
नाईटड्युटी ताईंना साष्टांग. धाग्याचा निकाल लागला, चला आता घरी.

पायरीवरचा
काकू थांबा, खरी चीड आणणारी गोष्ट तर अजून सांगितलीच नाही.

शो चालू असताना एका नर्सने स्टेशनला फोन केला होता. ऑन एअर. तिने स्पष्ट सांगितलं की हे धोकादायक आहे, अशाने माणूस मरू शकतो. त्यावर माइकवरच्यांचं उत्तर साधारण असं की हो आम्हाला माहितीये, आणि त्यांनी सह्या केल्यात त्यामुळे आमच्यावर काही येत नाही. हशा. पाण्यामुळे एक कॉलेजचा मुलगा गेल्याचं बोलणंही त्याच शोमधे झालं होतं, कारण दोनच वर्षांपूर्वी त्याच राज्यात रॅगिंगमधे पाणी पाजून एक विद्यार्थी खरंच गेला होता. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. आणि तो इशारा पाणी पिणाऱ्यांपर्यंत कुणी पोचवला नाही. स्पर्धकांना तपासायला एक साधी नर्स नाही की कुणी नाही. ती बाई बोलली की डोकं दुखतंय, तेही ऑन एअर गेलं, त्यावरही विनोद, पोट किती फुगलंय बघा वगैरे.

रिकामटेकडा७
फोनचं माहीत नव्हतं. हे वाईट आहे. तरी पण सही ती सही. उद्या मी पॅराशूट घालून उडी मारायला गेलो, सही केली आणि पाय मोडला तर मी त्यांना कोर्टात खेचायचं का?

काळा_कोट
इथे माझं दुकान उघडतो. तिकडे वकिली करत नाही पण करार कायदा शिकवलाय काही वर्षं, त्यामुळे थोडं बोलू शकतो.

"जो स्वतः राजी झाला त्याला इजेची तक्रार नाही" असं एक जुनं लॅटिन तत्त्व आहे आणि जगभरची कोर्टं कमीजास्त प्रमाणात ते मानतात. पण त्याला एक कडी आहे, राजी कशाला झालात ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. पॅराशूटवाल्याला उंचावरून पडलं की हाडं मोडतात हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी पिणाऱ्याला सोडियम कुणी सांगितलं होतं? इथे धोका ठाऊक असणारा पक्ष एकच होता, आणि तो माइकच्या मागे बसला होता. ज्याला माहीत आहे त्याने गप्प बसायचं आणि ज्याला माहीत नाही त्याच्याकडून सही घ्यायची, याला संमती म्हणत नाहीत.

शिवाय सहीने सगळंच धुतलं जात नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने योगायोगाने त्याच वर्षी, जुलै २००७ मधे, दुसऱ्याच एका प्रकरणात हे ठरवलं. सांता बार्बरा शहराने मुलांसाठी भरवलेल्या उन्हाळी शिबिरात एक मुलगी पोहण्याच्या तलावात बुडाली होती, आईने आधीच जबाबदारी सोडणाऱ्या कागदावर सही केलेली. कोर्ट म्हणालं साधी चूक झाली तर तो कागद चालेल, पण घोर निष्काळजीपणा असा आगाऊ सहीने माफ करून घेता येणार नाही. म्हणजे तो कागद छत्रीसारखा समजा, पाऊस अडवतो, पूर नाही.

आता निकाल. सरकारी वकिलांनी फौजदारी गुन्हा लावला नाही, तो धक्का अनेकांना बसला. घरच्यांनी दिवाणी दावा लावला आणि ऑक्टोबर २००९ मधे ज्यूरीने जवळपास १ कोटी ६५ लाख डॉलर द्यायला लावले. त्यात रिकामटेकडा यांच्यासाठी खास माहिती: त्या बाईचा स्वतःचा दोष किती टक्के हा प्रश्न ज्यूरीपुढे होता, आणि त्यांनी उत्तर दिलं शून्य.

रिकामटेकडा७
शून्य?? मी ज्यूरीत असतो तर १० टक्के तरी लिहिले असते.

खडूस_काकू
म्हणूनच तुम्हाला कुणी बोलावत नाही.

मांडववाला
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो कारण मी या धंद्यात होतो. अकरा वर्षं इव्हेंट आणि प्रमोशन. अशी स्पर्धा जन्माला कशी येते ते सांगतो.

मीटिंगमधे सहा जण असतात. क्लायंटला "काहीतरी हटके" हवं असतं आणि बजेट नसतं. बक्षीस एकच, तेही दुसऱ्या कंपनीकडून फुकट आलेलं. मग बक्षीस लहान आणि गाजावाजा मोठा करायचा तर एकच रस्ता राहतो, लोकांना काहीतरी सहन करायला लावायचं. सहन करणं बघायला लोकांना आवडतं, आणि त्याला खर्च शून्य, कारण सोसणारा स्वतःचं शरीर घेऊन येतो. कुणीतरी आयडिया बोलतं, बाकीचे हसतात, आणि हसले म्हणजे पास. त्या खोलीत "याने काय होऊ शकतं" हे विचारणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. क्रिएटिव्हवाल्याला वाटतं लीगल बघेल, लीगलकडे गेलाच तर फक्त सहीचा कागद जातो, खेळ काय आहे ते जातच नाही, आणि माइकवरच्याला वाटतं वरून मंजूर होऊन आलंय म्हणजे कुणीतरी बघितलंच असणार.

मी स्वतः एक केलंय. एका गाडीच्या प्रमोशनला गाडीला हात लावून उभं राहायचं, शेवटपर्यंत हात ठेवेल त्याला गाडी. बारीक विश्रांती ठेवली होती, पाणी होतं, सगळं ठीक वाटत होतं. दुसऱ्या रात्री पहाटे तीन साडेतीनला एक माणूस गाडीशी बोलायला लागला. म्हणजे खरंच बोलत होता, कुणाचं तरी नाव घेऊन. आमचा पोरगा मोबाईलवर शूट करत होता आणि हसत होता, मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. मग तो माणूस रस्त्याच्या दिशेने चालायला लागला, ट्रक जात होते, त्याला धरून आणलं तर तो मला ओळखेना. तिथे माझं हसू गेलं. उरलेल्या तिघांना थांबवलं, चिठ्ठी टाकून गाडी दिली. क्लायंट भयंकर चिडला, पैसे कापले, नंतर काम दिलं नाही. पण आजही वाटतं की तो माणूस दहा पावलं पुढे गेला असता तर मी काय उत्तर दिलं असतं? "त्याने सही केली होती"? रात्रीच्या तीनला ज्या डोक्याने तो चालला होता त्या डोक्याने सही केलीच नव्हती ना.

नाईटड्युटी
मांडववाला, शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. झोप नसणं, सोडियम उतरणं, ऊन लागणं, या सगळ्यात आधी जातो तो विवेक. थांबायचं कधी हे ठरवणारा अवयवच बिघडतो. म्हणून थांबवणारा माणूस बाहेरचा लागतो, आणि तो शुद्धीवरचा आणि बक्षिसाशी संबंध नसलेला लागतो.

गवतफुलं
वाचून अंगावर काटा आला. मांडववाला तुम्ही थांबवलंत हे खूप केलंत.

आजोबा२.०
तुम्हाला वाटतं हे एफएम आणि मोबाईलच्या काळातलं आहे. मुळीच नाही. अमेरिकेतलंच ऐका. १८९६ साली टेक्सासात क्रश नावाच्या माणसाने, जो एका रेल्वे कंपनीचा प्रवासी एजंट होता, अशी शक्कल काढली की दोन जुनी इंजिनं समोरासमोर धडकवायची आणि ते बघायला लोकांना बोलवायचं. बघणं फुकट, तिथवर यायचं रेल्वेचं तिकीट दोन डॉलर. १५ सप्टेंबरला सुमारे ४० हजार माणूस जमला. बॉयलर फुटणार नाहीत असा भरवसा इंजिनियर लोकांनी दिलेला. धडक झाली, दोन्ही बॉयलर फुटले, लोखंडाचे तुकडे गर्दीवर पाऊस पडल्यासारखे पडले, किमान दोन माणसं मेली, फोटो काढायला आलेल्या फोटोग्राफरचा एक डोळा गेला. क्रशसाहेबांना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं, कारण रेल्वेचं नाव देशभर झालं होतं! आता बोला, धडा कुणी घेतला?

मग १९२० आणि ३० च्या दशकातल्या नाचाच्या मॅरेथॉन. जोडपी दिवसचे दिवस, पुढे पुढे तर आठवडेच्या आठवडे नाचत, एक झोपला की दुसरा त्याला ओढत फिरवत, आणि लोक तिकीट काढून बघत. मंदीचा काळ होता, आत असेपर्यंत जेवण मिळायचं म्हणून कितीतरी जण उभे राहायचे. १९२३ मधे एकजण ८७ तास नाचून कोसळला आणि गेला. पुढे बऱ्याच राज्यांनी त्यावर बंदी घातली. रिकामटेकडा, उपाशी माणूस स्वतःच्या पायाने आला असं म्हणता येईल का हो? पाय त्याचे, पण ढकलणारी भूक.

काळा_कोट
आजोबा, तुम्ही विषय काढलाच तर माझी आवडती केस सांगतो. व्हीरम विरुद्ध आरकेओ जनरल. तेही कॅलिफोर्निया, तेही रेडिओ, १९७० चा जुलै. लॉस एंजेलिसचं केएचजे हे स्टेशन तरुण पोरांमधे तुफान लोकप्रिय. त्यांचा डीजे लाल गाडीतून शहरभर फिरायचा, आता अमुक भागात निघालोय असं रेडिओवर सांगायचं, आणि तिथे जो पहिला पोचेल त्याला बक्षीस. बक्षीस किती तर २५ डॉलर. दोन पोरं, एक १७ चा मुलगा आणि एक १९ ची मुलगी, वेगवेगळ्या गाड्यांत, त्याच्या मागे ताशी ८० मैलांपर्यंत वेगाने, एकमेकांशी शर्यत लावत. त्या नादात तिसऱ्याच एका माणसाची गाडी रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर ढकलली गेली आणि उलटली. तो माणूस मेला.

त्याने सही केली नव्हती. तो स्पर्धेत नव्हता. कदाचित तो रेडिओ ऐकतही नव्हता.

स्टेशनचं म्हणणं होतं की गाडी पोरांनी चालवली, आमचा काय संबंध. ज्यूरीने ३ लाख डॉलर द्यायला लावले आणि १९७५ मधे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कारण सरळ होतं, पहिला येण्यासाठी पैसे ठेवलेत, श्रोते कोण तर नुकतं लायसन मिळालेली पोरं, मग ती सुसाट सुटणार हे दिसत नव्हतं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्याने बेपर्वाई केली तरी ती बेपर्वाई तुम्हीच पेटवलीत.

आता गंमत बघा, ही केस तिकडे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. म्हणजे ३२ वर्षांनी त्याच राज्यात दुसऱ्या रेडिओ स्टेशनने पाण्याची स्पर्धा ठेवली तेव्हा हा निकाल पुस्तकात होता, कुणाला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितला असता.

ठोकळा
२५ डॉलर. बाप रे.

रिकामटेकडा७
ही केस पटली, बाहेरच्या माणसाचा जीव गेला तर आयोजक जबाबदार, शंभर टक्के. पण मी स्पर्धकाचं बोलतोय. फिनलंडचं उदाहरण घ्या. हेइनोला नावाच्या गावात सौना, म्हणजे तापवलेली वाफेची खोली, सहन करायची जागतिक स्पर्धा व्हायची, १९९९ पासून. ११० डिग्री तापमान, वरून दर अर्ध्या मिनिटाला तापलेल्या दगडांवर पाणी. ऑगस्ट २०१० च्या फायनलला दोघे उरले, सहा मिनिटांनी दोघे कोसळले, रशियन माणूस गेला आणि फिनिश चॅम्पियन भयंकर भाजला. नंतर कळलं की गेलेल्या माणसाने कडक वेदनाशामक घेतलं होतं आणि अंगाला बधिर करणारं मलम लावलं होतं, नियमात बंदी असताना. तिथे डॉक्टरी मदत होती, पोलिसांना आयोजकांचा निष्काळजीपणा सापडला नाही. आता इथे सांगा कुणाचा दोष? त्याने स्वतःहून शरीराची घंटा काढून ठेवली.

नाईटड्युटी
हा मुद्दा योग्य आहे आणि मी मान्य करते की सॅक्रामेंटो आणि हेइनोला एका मापाने मोजता येणार नाहीत. तिथे धोका उघड होता, भाजतं हे अनुभवी माणसाला माहीत, आणि त्याने फसवलं. पण तरी एक विचारते. जी स्पर्धा वेदना सहन करण्याची आहे तिथे कुणी वेदनाशामक घेईल हे आश्चर्य आहे का? धावण्यात पाय दुखले तर माणूस हळू होतो. इथे हळू व्हायची सोयच नाही, एक तर बसा नाही तर हरा. आयोजकांनी पुढे स्पर्धा कायमची बंद केली, पोलिसांनी दोष दिला नव्हता तरी. त्यांना काहीतरी कळलं असेलच की.

गवतफुलं
मला पोरांची काळजी आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. आता स्पर्धेला रेडिओ स्टेशन लागतच नाही, कंपनीने एक चॅलेंज सोडायचं आणि पोरं घरच्या घरी एकमेकांना व्हिडिओ पाठवतात. ती एक चिप वाली केस आठवते ना? एका डब्यात एकच चिप, जगातल्या जहाल मिरच्यांची पूड लावलेली, खा आणि किती वेळ पाणी न पिता राहता ते दाखवा. सप्टेंबर २०२३ मधे मॅसॅच्युसेट्समधे १४ वर्षांचा मुलगा ती खाऊन गेला. कंपनीने माल दुकानातून काढून घेतला. पुढच्या वर्षी शवविच्छेदनाचा अहवाल आला की इतकं तिखट खाल्ल्यावर हृदय बंद पडलं, आणि त्याला जन्मापासून हृदयाचा दोष होता आणि हृदय मोठं झालेलं होतं.

आता डब्यावर लिहिलं होतं की फक्त मोठ्यांसाठी, मुलांपासून दूर ठेवा. मग जबाबदारी संपली?

रिकामटेकडा७
लिहिलं होतं तर आणखी काय करायचं कंपनीने? आणि हृदयाचा दोष त्यांना कसा कळणार?

काळा_कोट
कायद्यात याचं जुनं उत्तर आहे. समोरचा जसा आहे तसा धरायचा. एखाद्याची कवटी अंड्याच्या टरफलासारखी पातळ असेल आणि तुमच्या चुकीने त्याला टपली बसून तो मेला, तर "इतरांना काही झालं नसतं" हा बचाव चालत नाही. पण त्यासाठी आधी तुमची चूक सिद्ध व्हावी लागते, तिथे खरी मारामारी असते. चेतावणीबद्दल माझं मत असं, डब्याच्या मागे बारीक अक्षरात "खाऊ नका" आणि पुढे मोठ्या अक्षरात "हिंमत आहे का" असं असेल तर कोणतं वाक्य कंपनीला विकायचं होतं ते लहान पोरालाही समजतं.

गवतफुलं
अगदी. चेतावणीचाच जाहिरात म्हणून वापर. जितकी भीतीदायक तितकं पोरांना आकर्षण.

खडूस_काकू
मला या सगळ्यात चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. सॅक्रामेंटोत काय झालं, दहा जणांना नोकरीवरून काढलं, सकाळचा शो बंद. ठीक. भरपाई दिली ती स्थानिक कंपनीने, मुख्य कंपनीला ज्यूरीने मोकळं सोडलं. फौजदारी नाहीच. म्हणजे ज्यांना आकडे हवे होते, सकाळचे श्रोते वाढवा म्हणून जे खालच्यांच्या मानेवर बसले होते, ते वरच्या मजल्यावर शाबूत. माइकवरच्यांना मी सोडत नाहीये, ते हसले, त्यांनी नर्सला उडवून लावलं, पण त्यांना हसण्याचाच पगार होता ना?

आणि ऐकणारे. हजारो माणसं गाडी चालवता चालवता ते ऐकत होती. फोन केला एका नर्सने, बाकीचे हसले. मीसुद्धा हसले असते बहुतेक.

पायरीवरचा
काकू, लायसनचं राहिलं. तिथल्या प्रसारण आयोगाचा स्पर्धांबद्दल नियम आहे, पण तो काय तर स्पर्धेच्या महत्त्वाच्या अटी खऱ्या आणि पूर्ण सांगा, जाहीर केलं तसंच घ्या. म्हणजे बक्षिसात फसवू नका. जिवाचं त्यात काही नाही. तरी जवळपास दहा वर्षांनी, २०१६ मधे, आयोगाने ठरवलं की या स्टेशनचं लायसन नूतन करायचं की नाही यावर सुनावणी घ्यायची, स्पर्धकांना धोका सांगितला नाही, कर्मचाऱ्यांना काही शिकवलं नव्हतं वगैरे मुद्दे काढले. सुनावणी पूर्ण व्हायच्या आधीच, फेब्रुवारी २०१७ मधे कंपनीने लायसन परत केलं, कारण तेव्हा त्यांचा दुसऱ्या मोठ्या रेडिओ कंपनीशी विलीनीकरणाचा सौदा चालू होता आणि हे लचांड मधे नको होतं. म्हणजे स्टेशन बंद पडलं ते एका सौद्याच्या सोयीने.

आजोबा२.०
क्रशसाहेब दुसऱ्या दिवशी कामावर परत. फरक एवढाच की इथे दहा वर्षं लागली.

मांडववाला
थोडं अवांतर. सहन करण्याचा खेळ नसला म्हणजे सुरक्षित असंही नाही. फिलिपिन्समधे १९९२ ला पेप्सीने बुचाच्या आत नंबर छापायची स्कीम काढली, मोठं बक्षीस दहा लाख पेसो. २५ मे ला ३४९ नंबर जाहीर झाला, आणि चुकीने तो नंबर आठेक लाख बुचांवर छापलेला निघाला. लोकांना वाटलं नशीब उघडलं, कंपनी म्हणाली सिक्युरिटी कोड जुळत नाही, पाचशे पेसो घ्या. दंगली झाल्या, गाड्या जाळल्या, बॉम्ब फेकले, माणसं मेली, त्यात पेप्सीच्या ट्रकवर फेकलेल्या ग्रेनेडने रस्त्यावरची एक शिक्षिका आणि एक लहान मूल गेलं. पुढे तिथल्या सर्वोच्च कोर्टाने २००६ मधे कंपनीला दोषमुक्त केलं. इथे बूच उघडायला धोका शून्य. आम्ही ट्रेनिंगमधे हे उदाहरण फक्त "छपाई तपासा" म्हणून शिकलो, माणसं मेली हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

ठोकळा
पॉपकॉर्न संपले, सॉरी, सुरुवातीला जोक केला. मग मांडववाला, आता असं काही डिझाईन करायचं झालं तर काय बघायचं?

मांडववाला
धंदा सोडला मी, पण विचारलंत तर सांगतो. जिंकायला काय करावं लागतं ते बघायचं. कौशल्य दाखवून जिंकता येत असेल, धावून, गाऊन, ओळखून, तर बाकीची काळजी घेता येते. फक्त जास्त सोसून, जास्त खाऊन, जास्त वेळ न झोपता जिंकता येत असेल तर तिथे वरची मर्यादा तुम्ही घातल्याशिवाय ती नसतेच, कारण समोरच्या दोघांपैकी जो जास्त हट्टी तो मर्यादा ठरवतो. फ्लोरिडात २०१२ मधे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका दुकानाने झुरळं खायची स्पर्धा ठेवली, बक्षीस अजगर, जिंकणारा माणूस जिंकल्यावर बाहेर जाऊन कोसळला आणि गेला. झुरळांत विष नव्हतं, घशात अडकून श्वास कोंडला. भरभर खायला लावलं होतं ना. सगळ्यांच्या सह्या होत्या तिथेपण.

आणि एकाच्या हातात बंद करायचा अधिकार द्यायचा, त्याचं नाव कागदावर, आणि त्याला क्लायंटने ओरडायचं नाही. माझ्या वेळी तसा कुणीच नेमलेला नव्हता, मी थांबवलं ते घाबरून.

रिकामटेकडा७
चला, मी पूर्ण हट्टी नाही. आयोजक जास्त दोषी हे मान्य. नर्सच्या फोननंतर तर सरळसरळ गुन्हाच वाटतो मला. पण ती बाई थांबू शकत होती हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचे १० टक्के.

पायरीवरचा
रिकामटेकडा, पण ती थांबली होती की. ती दुसरी आली म्हणजे काय? शेवटी दोघी उरल्या, आणि हिने सोडलं. सांगितलं बास, तिकिटं घेतली आणि घरी निघाली. वी दुसऱ्या बाईला मिळाला. तुम्ही म्हणताय तेच तिने केलं.

नाईटड्युटी
आणि पोटात गेलेलं पाणी स्पर्धा संपली म्हणून शोषलं जायचं थांबत नाही. थांबल्यावरही सोडियम उतरतच राहतं. तेव्हा तिला "डोकं दुखतंय ना, मग गाडीत बसू नका, सरळ हॉस्पिटलला चला" म्हणणारं कुणीतरी दारात हवं होतं.

रिकामटेकडा७
हे मी वाचलंच नव्हतं नीट. बरं. दहाचे पाच करतो. शून्य नाही करणार.

खडूस_काकू
उद्या परत या, अडीच करू.